संगमरवर, ग्रॅनाइटची फरशी आणि ओटा: पुसायचं कसं, डाग काढायचे कसे आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही

आमच्या बाथरूमच्या फरशीवर दोन पांढुरके डाग आहेत, एक हाताच्या पंज्याएवढा आणि दुसरा लांबट, ओघळ आल्यासारखा. दोन्ही मीच पाडलेत. टाइल्स साफ करायचं म्हणून आणलेलं एक लिक्विड होतं, बाटलीवर लिहिलेलं की ओतून दहा मिनिटं ठेवा, मी आपली घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. ओतल्याओतल्या बारीक फेस आला, चुरचुर आवाजही आला आणि मी मनात म्हटलं, वा, काय मळ निघतोय! मळबिळ काही नव्हता तो, फरशी विरघळत होती. धुतल्यावर फरशी स्वच्छ दिसली खरी, पण वाळल्यावर बघितलं तर तेवढ्या भागाची चकाकी गायब, खडूने पुसट रंगवल्यासारखा भाग.

तेव्हापासून दगडाच्या बाबतीत माझं एक मत पक्कं झालंय की घरातल्या पॉलिशवाल्या दगडाची वाट मळाने कमी लागते आणि सफाईने जास्त. त्यामुळे काय करायचं याइतकंच काय करायचं नाही हेही यात बरंच आलंय. लेख लांब झालाय. निदान पहिले दोन भाग वाचाच, लेप आणि सीलरचं (सीलर म्हणजे द्रव लवकर आत मुरू नये म्हणून दगडाला लावायचं औषध) गरज पडेल तेव्हा बघा.

आधी आपला दगड कुठला ते नक्की करा

विकताना दगडाला कुठलंही गोंडस नाव देतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. घराच्या कामापुरते तीन गट लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला गट चुन्याच्या जातीचा: संगमरवर, लाइमस्टोन, ट्रॅव्हर्टाइन, सजावटीसाठी वापरतात तो ऑनिक्स. हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि आम्ल लागलं की ते विरघळतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तो फेस. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, कोला, वाइन, टॉयलेट क्लीनर सगळं यात आलं. शिवाय हा दगड मऊ आहे. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स स्केलवर, जी १ ते १० असते, संगमरवरातलं कॅल्साइट ३ वर येतं.

दुसरा गट ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइटचा. यातली खनिजं ६ ते ७ ची, त्यामुळे लिंबाने वगैरे यांना सहसा काही होत नाही आणि चरेही पटकन पडत नाहीत. तिसरा गट म्हणजे कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ, त्यात वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन असतं. रेझिन म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, म्हणून याला सीलर लागत नाही पण गरम भांड्याची भीती सगळ्यात जास्त यालाच.

शंका असेल तर एक टेस्ट करा. फ्रिजखाली, कपाटाच्या मागे किंवा उरलेल्या तुकड्यावर, म्हणजे जिथे कोणी बघणार नाही अशा जागी, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसून तिरक्या उजेडात बघा. थेंबाएवढी जागा मंद झाली असेल तर दगड पहिल्या गटातला. फेस दिसलाच पाहिजे असं नाही, काही दगडांत रिअॅक्शन हळू होते, म्हणून फेसावर न जाता चकाकी बघायची. क्वार्टझाइट म्हणून विकलेला दगड या टेस्टमध्ये संगमरवर निघतो असंही होतं, दोन्ही दिसायला अगदी सख्खे भाऊ वाटतात.

रोजचं काम: आधी कोरडं, मग ओलं

बाहेरून चपलांबरोबर जी वाळू घरात येते त्यात बराचसा क्वार्ट्झ असतो, म्हणजे कठीणपणा ७. आणि संगमरवर ३. आता त्या वाळूवरून दिवसभर घरातली माणसं चालणार, खुर्च्या सरकवणार, मग दाराजवळची आणि येण्याजाण्याच्या वाटेवरची फरशी दोन-तीन वर्षांत मंद पडते आणि कोपरे मात्र चकाचक राहतात यात नवल काय.

म्हणून सगळ्यात फायद्याची वस्तू म्हणजे पायपुसणं, तेही दोन. दाराबाहेर खरखरीत, आत मऊ, आणि आतलं एवढं लांब की दोन्ही पाय निदान एकदा तरी त्यावर पडतील. त्याच्या खाली रबराचा थर असेल तर जरा जपून, काही रबरांचा पिवळट डाग दगडात उतरतो आणि तो निघता निघत नाही. पायपुसणं आठवड्यातून एकदा झटका, नाहीतर सगळी वाळू तिथेच साठून परत आत येते.

मग कोरडी सफाई. मऊ झाडू चालतो, पण मायक्रोफायबरचा सपाट मॉप असेल तर उत्तम, बारीक धूळ उडत नाही, चिकटून येते. व्हॅक्यूम वापरत असाल तर फिरणारा ब्रश बंद करा आणि चाकं एकदा उलटी करून बघा, चाकात अडकलेला खडा अख्ख्या खोलीत रेघ ओढत जातो. आणि हे कोरडं काम ओल्या पुसण्याच्या आधी झालंच पाहिजे, कारण फरशीवर वाळू तशीच ठेवून वर ओलं फडकं फिरवणं म्हणजे स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर मारणं.

ओलं पुसण्यासाठी न्यूट्रल क्लीनर, म्हणजे पीएच ७ च्या आसपासचा, ना आम्ल ना अल्कली. दगडासाठीचा म्हणून वेगळा मिळतो तो घ्या, नसेल तर भांडी घासायच्या साध्या लिक्विडचे चार-पाच थेंब बादलीभर कोमट पाण्यात पुरतात, फक्त ते लिंबूवालं नको. खरंच चार-पाच थेंब. मी आधी झाकणभर ओतायचे आणि मग फरशीवर ते धुरकट पट्टे का दिसतात म्हणून अजून साबण वाढवायचे. ते पट्टे साबणाचेच होते! तुमच्याकडे तसं झालं असेल तर दोन-तीन दिवस नुसत्या कोमट पाण्याने पुसा, पाणी दर खोलीला बदला, बहुतेक वेळा तेवढ्यानेच फरक पडतो.

बादल्या दोन ठेवा, एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात मॉप पिळून धुवायला साधं पाणी. मॉप इतका घट्ट पिळायचा की फरशीवर थारोळं राहणार नाही, पुसल्यावर एक-दोन मिनिटांत जागा वाळली पाहिजे. शेवटी कोरड्या मायक्रोफायबरने एक हात फिरवलात तर फरक लगेच दिसतो, विशेषतः काळ्या ग्रॅनाइटवर, तिथे प्रत्येक थेंबाचा ठिपका दिसतो. मायक्रोफायबरचं कापड फॅब्रिक कंडिशनर घालून धुऊ नका, धाग्यांवर थर बसतो आणि कापड पाणी शोषायचं सोडून पसरवत बसतं.

स्टीम मॉप नको. गरम वाफ सांध्यांत आणि सीलरवर बसते.

ओटा

ओट्याचं गणित वेगळं, इथे वाळू नसते, सांडलवंड असते. काही सांडलं की आपण फडकं घेऊन एका झटक्यात पुसतो आणि डाग हातभर पसरवतो. त्याऐवजी कागद किंवा सुती कापड वर ठेवून टिपून घ्या, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. आंबट पदार्थ संगमरवरावर सांडला तर एक-दोन मिनिटांतही खूण उमटते, त्यामुळे 'जेवून झाल्यावर पुसू' चालत नाही.

तेलाची बाटली थेट दगडावर ठेवू नका, तळाशी ओघळलेलं तेल हळूहळू आत उतरतं आणि महिन्याभराने बाटली उचलली की खाली गोल काळपट चकती. एक ट्रे घ्या आणि सगळ्या बाटल्या त्यात ठेवा, विषय संपला. लोखंडी किंवा पत्र्याचे डबे ओल्या जागेवर ठेवले तर गंजाचं कडं उमटतं, तो डाग सगळ्यात चिवट.

गरम भांडं ग्रॅनाइटवर ठेवलं तर सहसा काही होत नाही, पण एकाच जागेवर अचानक खूप उष्णता बसली तर दगड तडकू शकतो, त्यात सिंकच्या कटआउटजवळची पट्टी मुळातच नाजूक असते. क्वार्ट्झवर तर नकोच, रेझिन साधारण १५० डिग्रीच्या वर पिवळं पडायला लागतं आणि ते परत पांढरं होत नाही. स्टँड किंवा जाड लाकडी पाट ठेवायची सवय लावा. आणि कापायचं ते बोर्डवर: संगमरवरावर सुरीचे चरे पडतात, ग्रॅनाइटवर सुरीचीच धार जाते.

डाग आहे की चकाकी गेलीय?

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. दगडावर खूण दिसली की आपण तिला सरसकट डाग म्हणतो आणि घासत सुटतो, पण खुणा दोन जातींच्या असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांना चालत नाहीत.

खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि समोरून बघा. खूण आसपासच्या दगडापेक्षा फिकट, निस्तेज दिसत असेल, प्रकाश तिथे चमकायचा थांबत असेल, बोट फिरवल्यावर किंचित खरखरीत लागत असेल, तर वरचा थर आम्लाने खाल्लाय. तिथे काही शिरलेलं नाही, उलट दगडच थोडा गेलाय, त्यामुळे कितीही घासलं तरी काढायला काही नाहीच. याउलट खूण आसपासपेक्षा गडद असेल पण टॉर्चच्या उजेडात चकाकी अखंड दिसत असेल, तर तो खरा डाग, काहीतरी आत मुरलंय. दोन्ही एकत्रही असतात, वाइन सांडली की रंगही उतरतो आणि चकाकीही जाते, तेव्हा आधी डाग काढायचा, चकाकीचं नंतर.

संगमरवरावरची छोटी निस्तेज खूण, म्हणजे ग्लासच्या बुडाएवढी, घरी सुधारता येते. मार्बल पॉलिशिंग पावडर मिळते, ती चिमूटभर घेऊन थोड्या पाण्यात दाट कालवायची, ओल्या सुती कापडाने किंवा नमद्याच्या तुकड्याने गोल गोल चोळायची, जोर लावून, तीन-चार मिनिटं. मग भरपूर पाण्याने धुऊन, पुसून बघायचं, गरज वाटली तर परत. हात भरून येतो पण चकाकी येते. आधी लपलेल्या कोपऱ्यात एकदा करून बघा. मॅट फिनिशच्या दगडावर हे करू नका, तिथे उलट चकाकणारा ठिपका तयार होईल आणि तोच डागासारखा दिसेल.

मुरलेल्या डागासाठी लेप

तत्त्व सोपं आहे, गळवावर पोटीस बांधतात तसंच. डाग विरघळवणारं द्रव्य एखाद्या शोषणाऱ्या पावडरीत कालवून वर थापायचं, द्रव्य आत जातं, डाग सैल करतं आणि पावडर वाळताना तो वर ओढून घेते. खालून वर ओढणं हे पावडरीचं काम, त्यामुळे घासणं यात कुठेच नाही.

पावडर म्हणून पांढरी केओलिन माती, टाल्क किंवा खायचा सोडा चालतो. रंगीत माती नको, तिच्यात लोह असतं आणि नवाच डाग पडतो. द्रव्य डागावर ठरतं. चहा, कॉफी, फळांचा रस, पानांचे डाग असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्क्यांपासून सुरू करा, फिकट दगडावर चालतं पण गडद दगडाचा रंग उडू शकतो, तिथे आधी कोपऱ्यात बघा. तेल, लोणी, लोशनच्या डागाला अॅसिटोन, किंवा सोडा नुसत्या पाण्यात कालवूनही हलका डाग निघतो. शाई, मार्करला फिकट दगडावर पेरॉक्साइड, गडद दगडावर अॅसिटोन. गंजाला घरगुती नाद सोडा. बाजारातल्या काही गंज काढणाऱ्या औषधांत फ्लोराइडवालं आम्ल असतं आणि त्यापुढे ग्रॅनाइटही टिकत नाही, अंगावर पडलं तर माणसालाही वाईट. गंजासाठी दगडावर चालेल असं स्पष्ट लिहिलेला तयार लेप घ्या किंवा माणूस बोलवा.

अॅसिटोन पेट घेतं, तेव्हा शेगडी बंद, खिडकी उघडी, हातात ग्लोव्हज. काळ्या ग्रॅनाइटवर वापरण्याआधी पांढऱ्या कापडावर थोडं घेऊन कोपरा पुसा, कापड काळं झालं तर दगडाला वरून रंग दिलेला आहे, मग अॅसिटोनच्या वाट्याला जाऊ नका.

आता कृती. डागाची जागा साध्या पाण्याने ओली करून पुसा. पावडरीत द्रव्य घालत घालत पीनट बटरइतकं घट्ट कालवा, पळीवरून पडता कामा नये. लाकडी किंवा प्लास्टिकच्या चमच्याने डागाच्या कडेच्या बाहेर बोटभर जाईल असं थापा, जाडी साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षा कमीच. वरून प्लास्टिकची फिल्म, चारही बाजूंनी टेप, आणि सुईने दहा-बारा भोकं. २४ तास तसंच सोडा. मग फिल्म काढून लेप पूर्ण वाळू द्या, याला अजून एक दिवस लागू शकतो आणि इथेच घाई नडते, कारण डाग ओढला जातो तो वाळतानाच.

आमच्या ओट्यावरच्या तेलाच्या चकतीला लावलेला लेप वाळला तेव्हा त्याला तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडल्या होत्या आणि मधोमध कागदावर तेल सांडल्यावर दिसतं तसं पिवळट वर्तुळ उमटलेलं. प्लास्टिकच्या कार्डाने उचलला तर पापुद्र्यासारखा निघाला. खालची चकती निम्मी फिकट. पूर्ण जायला चार लेप लागले, म्हणजे जवळजवळ दहा दिवस तो कोपरा बंद. जुन्या डागाला असं तीन-चारदा करावंच लागतं, पहिल्यांदा नाही गेला म्हणून वैतागू नका. लेप काढल्यावर जागा धुऊन, वाळवून, दोन दिवसांनी बघा, ओल्या दगडाचा रंग फसवतो.

एक गोष्ट ठामपणे: ब्लीच कशातच मिसळायचं नाही. अमोनियाबरोबर आणि आम्लाबरोबर त्यातून विषारी वायू सुटतात, बंद बाथरूममध्ये तर फारच धोकादायक.

सीलर

सीलरबद्दल गैरसमज असा की लावला की दगड चिलखत घातल्यासारखा होतो. तसं नाहीये. आत मुरणारा सीलर दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो आणि द्रव आत जायला उशीर लावतो, तेवढाच. वरच्या पृष्ठभागाला आम्ल लागायचं ते लागतंच, म्हणजे सील केलेल्या संगमरवरावर लिंबू ठेवलं तरी खूण पडणारच.

लागतोय का ते बघायला वाटीभर पाण्यातून चमचाभर दगडावर ओता आणि १० ते १५ मिनिटं थांबा. पुसल्यावर जागा गडद झालेली असेल तर सीलर लावायची वेळ झाली, नसेल तर उगाच लावू नका. दाट ग्रॅनाइट कित्येकदा काही पितच नाही आणि त्यावर लावलेला सीलर वर नुसता चिकट थर होऊन बसतो.

लावताना दगड स्वच्छ आणि एक रात्र पूर्ण वाळलेला हवा. थोडा थोडा भाग घेऊन कापडाने पसरवा, बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिलीत, सहसा ५ ते १०, तेवढी थांबा आणि उरलेला सगळा कोरड्या कापडाने पुसून घ्या. हा शेवटचा भाग मी एकदा फोन आला म्हणून सोडला, परत आले तर ओटाभर धुरकट चिकट साय धरलेली. सुदैवाने तोच सीलर परत थोडा लावला की जुना थर सैल होतो आणि लगेच पुसता येतो, पण दोन तास गेले. नंतर २४ तास पाणी लागू देऊ नका.

चरे, टवके आणि पॉलिशवाला

चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर पॉलिशिंग पावडरने फरक पडेल. अडकत असेल तर दगड घासून खाली आणावा लागतो, डायमंड पॅड एकापाठोपाठ एक बारीक नंबरचे वापरत, ४००, ८००, १५००, ३००० असे, आणि घरी भाड्याचं मशीन आणून हे करायला गेलात तर फरशीत खळगे पडतात. टवका उडाला असेल तर तुकडा सापडला तर जपून ठेवा, इपॉक्सीने तोच परत बसवता येतो.

माणूस बोलावलात तर तो खरंच घासून पॉलिश करणार आहे की नुसतं मेण किंवा कोटिंग फासणार आहे हे आधी स्पष्ट विचारा. मेणाची चकाकी पहिल्या आठवड्यात डोळे दिपवते, मग त्यात धूळ बसते, पिवळट होते, फरशी घसरडी होते आणि ते मेण काढायचा खर्च वेगळा. आधी एका फरशीवर नमुना करून दाखवायला सांगा, आणि तो नमुना दिवसाच्या उजेडात बघा.

बाथरूम

इथे शत्रू दोन, साबणाचा थर आणि जड पाण्याचे पांढरे ठिपके. गंमत अशी की ते ठिपके म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट, संगमरवराचाच भाऊबंद, म्हणून जे ठिपके विरघळवेल ते फरशीही विरघळवेल. त्यामुळे ते होऊच न देणं हा एकच उपाय: अंघोळ झाली की भिंतीवरून आणि फरशीवरून वायपर फिरवायचा, अर्धा मिनिटही लागत नाही. साबणाच्या वडीऐवजी लिक्विड बॉडीवॉश वापरला तर थरही कमी बसतो. साठलेच असतील तर प्लास्टिकच्या पातीने हलक्या हाताने खरवडून बघा. सांध्यांतलं सिमेंटचं ग्राउटही आम्लाने झिजतं, म्हणजे दगड ग्रॅनाइटचा असला तरी अॅसिडच्या बाटलीला बाथरूममध्ये काम नाही.

ते माझे दोन डाग अजून तिथेच आहेत. पंज्याएवढा पावडरने बराच सुधारला, टॉर्च धरला तरच दिसतो. लांबट ओघळ मात्र खोल गेलाय, त्याला मशीनच लागेल, तोवर त्यावर बादली ठेवलेली असते.